मी पाणी नको म्हटलं तो दिवस

धारहून लग्न होऊन देवासला आले तेव्हा मी चांगली धडधाकट होते. दुसऱ्या वर्षी मोठ्या तापातून उठले आणि तहान लागली ती लागलीच. दिवसाला दोन कळशा पाणी पुरेना, आणि मोरीकडच्या फेऱ्याही तेवढ्याच. शेजारीण तिच्या माळवी बोलीत हसायची, "या बऊ तो कुओ पी जायगी!" म्हणजे ही सून विहीरच पिऊन टाकेल.

सासूबाईंना मधुमेहाची धास्ती. त्यांनी माझी लघवी खापरात घेऊन परसातल्या वारुळाशी ठेवली. मुंग्या आल्या, हुंगून निघून गेल्या. सासूबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी शिरा केला.

तहान मात्र हटेना, म्हणून इस्पितळातल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी नळीत लघवी तापवून पाहिली.

"मुंग्या खरं बोलल्या, काकू. साखर नाही," ते म्हणाले. "मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी गाठ असते. तिचा रस रक्तातून मूत्रपिंडांना निरोप देतो, पाणी राखा म्हणून. सूनबाईंच्या तापात ती गाठ बिघडली असावी. आता निरोपच जात नाही, मग मूत्रपिंडं सगळं पाणी सोडून देतात. तसला रस हल्ली सुईने देता येतो. महायुद्ध संपलं, मुंबईत औषधं पुन्हा येताहेत. मागवतो."

"रस कुणाच्या डोक्यातला?" सासूबाईंनी विचारलं.

"जनावराच्या."

त्यांनी देवघराकडे वळून हात जोडले. "कुठलं जनावर ते सांगू नका," त्या म्हणाल्या. "पोरीला बरं वाटू दे."

औषध आलं त्या सकाळी डॉक्टरांनी माझ्या दंडाला रबरी पट्टा बांधून रक्ताचा दाब मोजला आणि सुई टोचली. पोटात कळ आली, पट्ट्याला जोडलेल्या नळीतला पारा वर सरकला.

"अहो, पोर पांढरी पडली!" सासूबाई ओरडल्या.

"घाबरू नका. हाच रस रक्तवाहिन्या आवळतो, म्हणून दाब चढतो. उतरेल."

उतरला. तासाभराने माझं तोंड ओलं झालं. तहान नसलेलं माणूस दिवसभर करतं तरी काय, ते मी विसरूनच गेले होते.

नेमकी त्याच दुपारी धारहून माझी आई आली. लेकीसाठी टांग्यातून भली मोठी तांब्याची घागर आणलेली! घागर भरून तिने तांब्या पुढे केला.

"नको ग," मी म्हटलं.

आईचा चेहराच उतरला. "विहीणबाई, पोरीचं पाणी तोडलंत की काय?"

सासूबाईंना हसू आवरेना. गाठीची हकीकत सांगता सांगता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आईला काही पटेना. दिवेलागणीला सुईचा जोर ओसरला आणि मी तो तांब्या एका दमात रिकामा केला, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

रोज टोचून घेण्याइतकं औषध मिळत नसे. डॉक्टर सणावाराला, प्रवासाला सुई द्यायचे. एरवी मी आपली पीत राहिले. पण पुढच्या चैत्रात सुई घेऊन हळदीकुंकवाला बसले ती सगळ्यांचे उखाणे संपेपर्यंत ना पाण्याला उठले, ना मोरीकडे.