निरोगी गटातले बाबा

सांगते, पण एका अटीवर. हे माझ्या विद्यार्थ्यांच्या कानावर जाता कामा नये. ज्या चुकीवरून मी त्यांना दरवर्षी तासभर झोडपते, नेमकी तीच चूक मी केली, आणि तीही सख्ख्या बापाच्या रक्ताशी. चहा घ्या आधी, निवतोय.

माझं काम तुम्हाला माहीतच आहे. म्हणजे माहीत नाही, पण माना तरी डोलावता. मायक्रोआरएनए! आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात. सगळी एकदम बोलायला लागली तर नुसता कालवा. म्हणून कुणाला कधी गप्प बसवायचं, हे बघायला हे एवढेसे रेणू असतात. अर्धं आयुष्य मी त्यांच्यामागे घालवलं. बाबांना एकदा हे सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अच्छा, म्हणजे तुझी आई."

इतकी सोपी व्याख्या मला आजवर एकाही परिषदेत ऐकायला मिळालेली नाही.

आई गेल्यापासून अधारतालच्या घरात आम्ही दोघंच. बाबा फॅक्टरीतून रिटायर झालेले, तिथे तपासणी विभागात होते. साखर काठावर आणि जीव खोव्याच्या जलेबीवर. मी ओरडायचं आणि त्यांनी ऐकू न आल्याचं सोंग करायचं, असं आमचं अगदी सुरळीत चाललं होतं.

आता झालं असं, की आमच्या प्रयोगशाळेत एका कॅन्सरवर काम सुरू होतं. एक ठरावीक मायक्रोआरएनए रक्तात वाढला, तर ती रोगाची चाहूल असावी, बाकी कुठल्याही तपासणीत काही दिसण्याच्या आधीची, असा आमचा दावा. तुलनेसाठी निरोगी माणसांचं रक्त लागतं. पण उतारवयातला निरोगी माणूस आणायचा कुठून? मी बाबांना गळ घातली. पोरीच्या कामाला आपलं रक्त लागतंय म्हटल्यावर ते इतके खूश झाले, की इस्त्रीचा शर्ट घालून बसले. गल्लीतला पॅथॉलॉजीवाला घरी येऊन रक्त काढून गेला. मी ट्यूब डब्याच्या पिशवीत टाकली, पिशवी स्कूटरला अडकवली आणि कामावर गेले.

काही दिवसांनी निकाल आले. कॉम्प्युटरवर निरोगी माणसांचे ठिपके खाली शहाण्यासारखे एका ओळीत, आणि त्यांच्यातला एकच वर, पार रोग्यांच्याही वर जाऊन बसलेला. नंबर पाहिला. बाबा.

एका आकड्यावरून निदान करायचं नसतं, हे मी स्वतः शिकवते. पण तिथे मी मॅडम असते हो, घरी मुलगी असते. पुन्हा रक्त काढून बघावं हे सुचलं नाही असं नाही, धीर झाला नाही. पुन्हा तेच आलं असतं तर?

बाबांना काहीच कळू द्यायचं नाही, असं ठरवलं. ऑफिसची स्कीम आहे, घरच्या दोघांची पूर्ण तपासणी होते, अशी थाप मारून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. संशय नको म्हणून मीही त्यांच्याबरोबर सगळ्या तपासण्या करून घेतल्या. डॉक्टर म्हणाले, बाबा ठणठणीत आहेत. दुसरी कुणी असती तर पेढे वाटले असते. मी अजूनच खचले. का? अहो, आमचा दावाच तो होता ना! इतर तपासण्यांत काही दिसत नाही तेव्हाच आमचं दिसतं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझं संशोधन खोटं ठरावं असं वाटत होतं.

त्या दिवसापासून मी बदलले. ओरडणं बंद. टीव्हीचा आवाज कितीही मोठा असो, मी हसून बाजूला बसायची. एकदा तर मी स्वतः जाऊन खोव्याची जलेबी घेऊन आले आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली. बाबा जलेबीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे बघत राहिले.

"काहून गं, बरं आहे ना तुला?"

मी म्हटलं, मला काय धाड भरलीय, तुम्ही खा. त्यांनी अर्धी खाल्ली आणि ताट सारलं.

त्यानंतर तेही बदलले. न सांगता गोळ्या घेऊ लागले. सकाळी फिरायला जाऊ लागले. माझ्या आधी उठून माझा डबा भरू लागले. मला वाटलं, संपलं. माणसाला आतून कळतं म्हणतात. मी मोरीत नळ सोडून रडायची.

एका संध्याकाळी त्यांना नर्मदेवर, ग्वारीघाटला आरतीला घेऊन गेले. ते कधीपासून मागे लागले होते आणि मला कधी वेळ नव्हता. दिवे पाण्यात सोडले. देवळातसुद्धा घड्याळ बघणारी मी, त्या दिवशी हात जोडून डोळे मिटून उभी राहिले. नर्मदामाईला म्हटलं, माझं सगळं काम चुकीचं निघू दे, पण यांना राहू दे. खरंच म्हटलं. डोळे उघडले तर शेजारी बाबा, हात जोडलेले आणि गाल ओले.

आणि रविवारी सकाळी भोपाळहून दादा दारात हजर! माझा हा भाऊ सुहास बँकेत आहे, दिवाळीलासुद्धा कळवल्याशिवाय येत नाही. चहाही न घेता मला गच्चीवर घेऊन गेला.

"मंजू, मला काहून नाही सांगितलं?"

"तुला कोणी सांगितलं?"

"बाबांनी. फोनवर रडून राहिले होते."

म्हणजे बाबांना सगळं माहीत होतं! इतके दिवस एकट्याने मनात ठेवून होते. मी गच्चीच्या कट्ट्यावर बसले. दादाही बसला, माझा हात धरला आणि म्हणाला, आपण मुंबईला मोठ्या डॉक्टरांना दाखवू, मी रजा काढून आलोय. मी म्हटलं, अरे, पण बाबांना एवढा प्रवास झेपेल का?

दादाने हात सोडला.

"त्यांना कशाला न्यायचं? पेशंट तर तू आहेस ना."

म्हणजे बाबा फोनवर रडत होते ते माझ्यासाठी! मग मी त्याला त्या वर चढलेल्या ठिपक्याचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, एका एन्ट्रीवर तू घरात सुतक आणलंस? जा आणि परत चेक कर.

तशीच उठून प्रयोगशाळेत गेले. फ्रीझरमधून बाबांच्या रक्ताचं उरलेलं पाणी काढलं. रक्तातल्या पेशी खाली बसल्या, की वर जे पाणी राहतं, ते फिकट पिवळं असायला हवं. बाबांचं गुलाबी होतं! छान, लग्नातल्या सरबतासारखं. त्याचा अर्थ पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. ट्यूब हिंदकळली, तांबड्या पेशी फुटल्या, आणि आमचा तो मायक्रोआरएनए तर तांबड्या पेशींत खच्चून भरलेला असतो. रोग वगैरे काही नाही. अधारतालपासून प्रयोगशाळेपर्यंतचा प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक स्पीडब्रेकर त्या ट्यूबमध्ये उतरला होता.

"मशीनवर घालण्याआधी ट्यूब डोळ्यांनी बघा." हे वाक्य कुणाचं, विचारा. माझंच, दरवर्षीच्या लेक्चरमधलं!

बाबांचं रक्त पुन्हा घेतलं, या वेळी बाबांनाच प्रयोगशाळेत नेऊन. त्यांचा ठिपका मुकाट्याने खाली ओळीत येऊन बसला.

निकाल आला त्या संध्याकाळी दादाच्या समोर बाबांना सगळं सांगून टाकलं आणि कान पकडले. मग विचारलं, पण मी आजारी आहे असं तुम्हाला वाटलंच कसं?

बाबा म्हणाले, "बेटा, तू जलेबी घेऊन आली, तेव्हाच मी समजलो. फॅक्टरीत रोज खडखड करणारं मशीन एकदम चूप झालं, तर आम्ही खूश नव्हतो होत. स्विच बंद करून मिस्त्रीला बोलवायचो."

दादा पोट धरून हसला. मीही हसले, पण मला लागलं ते. माझ्या गोड बोलण्याने माझ्या बापाला धडकी भरावी? रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तोच विचार. माणूस जाणार असं वाटल्यावरच का आपण त्याच्याशी नीट बोलतो? ठिपका खाली आला म्हणून मी परत ओरडायला लागायचं? ठरवलं, आता कुणी आजारी नसतानाही गोडच बोलायचं. अगदी मनापासून ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दादाची परतीची गाडी होती. त्याचं आतल्या खोलीत सामान भरणं चाललं होतं. मी आल्याचा चहा केला, बाबांच्या हातात कप दिला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "बाबा, आज इतक्या लवकर कशाला उठलात? अजून थोडं पडायचं की."

बाबांनी कप खाली ठेवला. माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली,

"सुहास, तिकीट कॅन्सल कर."