ताज्या बर्चचे डाग

माझा मामा आयुष्यभर लाकूड शिजवत आला. कागदाच्या गिरणीत लाकडाचे तुकडे अल्कलीच्या पाण्यात शिजवून लगदा करायचा, हे त्याचं काम. म्हणून सगळे त्याला आचारी म्हणत. घरी या आचाऱ्याला धड चहा जमत नव्हता, आणि मामी ते पाहुण्यांना आवर्जून सांगायची.

लाकडांचे स्वभाव मात्र त्याला तोंडपाठ. पाइनमध्ये राळ उदंड, पण शिजताना तिचा साबण होतो, वर तरंगतो, काढून टाकला की झालं. बर्चचं लाकूड दिसायला गरीब, पण आतल्या गाठीचं. त्याच्या तेलकट चिकातला बराच भाग साबण व्हायला तयारच नसतो. तो लगद्याला चिकटतो आणि कागदावर काळे डाग पडतात. म्हणून बर्चचे तुकडे दोन-तीन महिने ढिगात मुरू द्यायचे, मगच टाकीत घालायचे. मामाने हा नियम नवख्यांना दम देऊन शिकवला होता.

आणि त्यानेच तो मोडला. जुन्या ढिगातून तुकडे आणणारा पट्टा बंद पडलेला, टाकी रिकामी राहिली तर साहेब ओरडणार, म्हणून त्याने ताजा बर्च आत सोडला आणि वहीत लिहिलं, 'जुना ढीग'. वेळेवर खरं बोलला असता तर चिक सोडवणारा पाइनचा साबण थोडा जास्त मिसळून कदाचित निभावलं असतं. चार दिवसांनी सगळा कागद डागाळलेला निघाला. वही तर चोख, मग लगदाच नीट धुतला नसणार, असं ठरलं. धुलाईवाल्याला काढून टाकलं. तो मामाचा जिवलग, रोज एकाच डब्यातून जेवणारा. मामा मूग गिळून बसला.

बावीस वर्षांनी मामा हे मला सांगत होता, आणि वर स्वतःचीच कीव करत होता. माझं डोकंच फिरलं. "मला काय सांगतोस? त्याला सांग!"

तरी निघायला त्याने वर्ष घालवलं. आज गुडघा, उद्या पाहुणे. मीही त्याचं ऐकत राहिले, ते मला आता खुपतं.

शेवटी गेलो. धुलाईवाल्याने प्रेमाने बसवलं, धुतलेले कप पुन्हा धुऊन चहा दिला. मामाने मान खाली घालून सगळं सांगितलं.

"म्हणजे मी नीट धुतलं होतं?" धुलाईवाल्याने विचारलं.

"हो रे. चूक माझी होती."

"मला वाटायचं, माझाच डोळा लागला असेल."

"माफ कर मला," म्हणत मामा रडायला लागला.

"मी करीन रे. पण हे माझ्या बायकोला सांगायला हवं होतंस. तेव्हापासून तिने माझ्यावर काही सोपवलंच नाही. मी दार लावलं तरी उठून बघायची. आजारपणात औषधसुद्धा माझ्या हातून घेतलं नाही, शेजारणीला हाक मारायची." त्याने रिकामे कप उचलले. "दोन महिने झाले तिला जाऊन."