अर्जदारातर्फे तात्या वकील

तात्या वकिलांबरोबर कुठंही जायचं, तर आपलं तोंड घरी ठेवून जावं लागे. एकदा ते आपल्या सालगड्याला नेवाशाच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी त्याला विचारलं, "कुठं दुखतंय?" तो काही बोलणार, तोच तात्या पुढे झाले. "माझ्या पक्षकाराचं पोट परवापासून दुखतंय, असं त्याचं म्हननं हाय. जेवनाबद्दल आमी सध्या काही सांगू इच्छित न्हाई." डॉक्टरांनी पोट दाबलं तेव्हा 'आई गं' तेवढं त्या बिचाऱ्याला स्वतःचं स्वतः म्हणता आलं.

तात्या घोडेगावचे, शेतकऱ्याच्या घरातले पहिले वकील. नेवाशाच्या कोर्टात त्यांची चांगली चलती होती. "पक्षकारानं तोंड उघडलं, की केस गेली," हे त्यांचं ब्रीद. साक्षीच्या पिंजऱ्यातसुद्धा ते पक्षकाराला 'व्हय' आणि 'न्हाई'च्या पलीकडे जाऊ देत नसत. पुण्याहून एलएल.बी. होऊन मी त्यांच्या हाताखाली लागले, तेव्हा काळ्या कोटातली बाई बघायला कोर्टाच्या आवारात गर्दी व्हायची. तात्या ओरडायचे, "बघायचंच आसंल तर घोडेगावच्या बाजारात जावा, म्हशी बघा!"

मला मात्र पुढचं कायद्याचं शिक्षण घ्यायला इंग्लंडला जायचं होतं. माझे वडील, अण्णा, सोनईच्या शाळेत शिक्षक, त्यात दुष्काळाचं वर्ष. "शिष्यवृत्ती मिळाली तर विचार करू," अण्णा म्हणाले, "नाहीतर पुणतांब्याचं स्थळ चांगलं आहे." पुणतांब्याच्या मंडळींनी आधीच कळवलं होतं, की सुनेनं तो कोट ट्रंकेत ठेवावा. म्हणजे माझं सगळं प्रवेशाच्या आणि शिष्यवृत्तीच्या अर्जावर लटकलेलं.

तिकडच्या विद्यापीठाला दोन शिफारसपत्रं हवी होती. एक पुण्याच्या प्राध्यापकांनी दिलं. दुसरं मी तात्यांकडे मागितलं आणि इथंच फसले. त्यांनी चक्क दावा लिहिला. वर 'अर्जदार', खाली 'सामनेवाले', म्हणजे विद्यापीठ! वकीलपत्र जोडलं, कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला, माझ्या चारित्र्याबद्दल घोडेगावच्या पंचांचे अंगठे घेतले. शेवटी इशारा: मुदतीत प्रवेश न दिल्यास पुढील कारवाई करणे भाग पडेल व तिच्या खर्चास सामनेवाले जबाबदार राहतील. मला नक्कल दाखवली तेव्हा मूळ कागद रजिस्टरनं रवानाही झाला होता.

"अहो तात्या, ते काय आपलं देणं लागतात का?" मी रडकुंडीला आले.

"न्हाई लागत, म्हनून तर नोटीस द्यायची. लागत असते तर च्या पाजला असता."

अर्ज गेला केराच्या टोपलीत, असं मी धरून चालले. पण उत्तर आलं. विद्यापीठाचे एक साहेब पुण्याला येणार होते, त्यांनी मुलाखतीला बोलावलं होतं. सोबत वकिलांनाही आणावं, अशी खास विनंती!

तात्या कोट आणि पांढरी पट्टी लावून आले. साहेबांनी मला विचारलं, "तुम्हाला कायदाच का शिकायचाय?" तात्या उभे राहिले आणि त्यांच्या ठसकेबाज कोर्टी इंग्रजीत म्हणाले, "ते अर्जदारातर्फे मी सांगतो." साहेबांना गंमत वाटली. "बरं, अर्जदारात उणिवा कोणत्या?" "ते सांगायला आम्ही बांधील नाही." चहा आला. "साखर किती?" साहेबांनी मला विचारलं. "दोन चमचे," तात्या म्हणाले. मी बिनसाखरेचा पिते.

"आणि वकीलच चुकला, तर अर्जदार काय करेल?"

"वकील चुकत नसतो."

झालं, माझं डोकंच फिरलं. "मग ठकूबाईचं काय?" मी उसळून म्हणाले. ठकूबाई आमची पक्षकार, विधवा. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दिरांशी भांडण. पाळी कधी ठरली, कुणासमोर ठरली, तिला सगळं तोंडपाठ. तात्यांनी तिला 'व्हय-न्हाई'वर बसवलं आणि दावा घालवला. ते सगळं मी साहेबांना सांगितलं. ज्याचं पाणी त्यालाच बोलता येत नसेल, तर असला कायदा मला मुळापासून शिकायचाय, असंही म्हणून बसले. तात्या हळूच खुर्चीत टेकले.

परतीच्या एसटीत शिरूर मागं पडलं. मग तात्या म्हणाले, "ठकूबाई बोलली असती तर जिकलो असतो?"

"हो तात्या."

"लई वाईट झालं," ते म्हणाले.

शिष्यवृत्ती मिळाली! पण पत्र हातात पडल्यावर अण्णांचंच अवसान गळालं. "परक्या मुलखात एकटी पोर?" त्यांनी पुणतांब्याच्या मंडळींना रविवारी बोलावलंसुद्धा. मी धावत जाऊन तात्यांना आणलं. आता हे तासभर बोलणार, म्हणून आईनं आधीच पोहे पुढे ठेवले.

"तात्या, तुम्ही म्हणाल तसं करू," अण्णा म्हणाले.

नुसतं 'जाऊ द्या' म्हटलं असतं तरी भागलं असतं. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पोह्यांचा हा भलामोठा घास तोंडात कोंबला. अण्णांनी परत विचारलं. परत घास! मेला एरवी यमालाही बोलू देणार नाही असा हा माणूस, आणि ऐन वेळी पोहे खात बसला? मला असा संताप आला! तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि भरल्या तोंडानं म्हणाले, "हिला इचारा."

मग मी बोलले. अण्णांसमोर मान वर करून बोलण्याची ती पहिलीच वेळ. सगळं सांगून होईपर्यंत थांबले नाही. मध्येच तात्यांना राहवायचं नाही, ते उठू लागायचे, की आपणच घास भरून खाली बसायचे. आई वाढून वाढून थकली. शेवटी अण्णांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "जा बाई. पुणतांब्याला मी कळवतो."

तात्या वारले तेव्हा मी तिकडेच होते. शेवटचं दर्शन झालं नाही, याचं अजून वाईट वाटतं. त्या पोह्यांच्या दिवशी मात्र निघताना उंबऱ्यापाशी मी त्यांच्या पाया पडले, तर ते घामानं निथळत होते.

"पोरी, उभ्या जन्मात इतकं अवघड काम केलं न्हवतं," ते म्हणाले. "आन पोह्यात मीठ न्हवतं, ते बी सांगता येईना."