हिरव्या बांगड्यांचा हात

फोनवरचा नवरदेव खरा की खोटा, हे ओळखायला शिक्षण लागत नाही, असं गेल्या वर्षापर्यंत माझं पक्कं मत होतं.

माझी मुलगी कविता आसनगावला कंपनीत पॅकिंगच्या कामाला जाते. तिचं नाव आम्ही लग्नाच्या ॲपवर घातलं, तेव्हा तिनेच मला धोक्याच्या खुणा शिकवल्या. "आई, सगळ्या फोटोंत गॉगल असला की समजायचं, काय तरी लपवतोय. 'स्वतःचा व्यवसाय' लिहिलंय आणि कुठला ते नाय लिहिलं, म्हंजे घरी बसलाय. आणि फोटो कापलेला असला तर लय सांभाळून. बाजूचं माणूस का कापलं, ते इचारायचं."

मी चौथी शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी बाई. पण या कामाला तोंड लागतच नाही. भाकऱ्या झाल्या की फोन घ्यायचा आणि पोरं नापास करायची. (आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्याला नापास करायला मिळत होतं.) एक जण 'माझी गाडी' म्हणून ज्या गाडीला टेकला होता, तिला वरातीची फुलं लावलेली होती. एकाने 'आमची जागा' लिहून मागे भातसा धरण ठेवलं होतं. एवढी जागा असलेला जावई आपल्याला झेपणार नाही, म्हटलं.

मग आला धसईकडचा नीलेश. मुरबाडला नोकरी, घरची भातशेती, गॉगल नाही. कविता त्याच्याशी महिनाभर फोनवर बोलली. बोलून झालं की ती अंगण झाडायला घ्यायची. अंगण आधीच झाडलेलं असायचं. मी समजले.

आणि नेमकं तेव्हाच मला दिसलं. फोटो कापलेला होता. नीलेशच्या खांद्यावर एक हात राहून गेला होता. बाईचा. हिरव्या बांगड्यांचा.

"अवो, या पोराचं लग्न झालंय," मी नवऱ्याला सांगितलं.

"कुनी सांगितलं?"

"बांगड्यांनी."

नवऱ्याने फोन हातभर लांब धरला. "बहीण असंल."

"बहीण असा खांदा आवळते? आणि करंगळी बघा, कशी बाहेर काढल्ये. लय नखरेल बाई हाय ही."

"आई, मी इचारलं त्याला," कविता म्हणाली. "गर्दीत कोनी तरी धरलं होतं, त्याला ठाव नाय."

"ऐकलंत? बायको खांद्यावर उभी हाय आणि ठाव नाय!"

त्या दिवसापासून अंगण झाडणं बंद झालं. पोरगी जेवायची, पण ताटाकडे बघून. नवरा म्हणाला, "त्यांच्या घरी जाऊ, तोंडावर इचारू. खोटा निघाला तर तिथंच मोडू."

"मीबी येणार," कविता म्हणाली. "मोडायचं तर माझ्यासमोर मोडा."

असे आम्ही तिघं नीलेशच्या घरी गेलो. त्याची आई बोलकी बाई. पोहे झाले, चहा आला, तरी नवरा नुसता खाकरत होता आणि माझ्याकडे बघत होता. परक्या घरात मी तहानलेली बसेन, पण पाणी मागणार नाही. पण पोरीच्या तोंडाकडे बघितलं, कपबशी हातात घेऊन तशीच उठले आणि फोनमधला फोटो पुढे केला.

"हा हात कोनाचा?"

नीलेशची आई हसायला लागली. "आवो, आमीबी तेच शोधतोय. मुरबाडच्या लग्नातला फोटो हाय, अख्खा दावते." तिने कपाटातून मोठा फोटो काढला. "नवरीकडची कोन बाई लाजून माझ्या पोराच्या मागं लपली. फोटोवाला 'काकी, पुढं या' बोलून दमला. बाई काय येईना. गर्दीत पडू नये म्हनून याला घट्ट धरलंन."

फोटोत मधोमध नवरी होती. नवरी माझ्या चुलतभावाची मुलगी होती. लग्नघरात कासारणीने आम्हा सगळ्याच बायकांना हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, आणि 'काकी, पुढं या' हे मी चांगलंच ऐकलं होतं. अजून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

कविता दोन बोटांनी फोनमधला हात मोठा करून बघत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं. मग नीलेशने. मग सगळ्यांनीच. मी कपबशी धरून उभी, आणि लहानपणी विळा लागल्यापासून न वाकणारी माझी करंगळी ऐटीत बाहेर. (आपला हात आपण फोटोत कधी बघतो? आपण तोंडसुद्धा बघत नाही.)

"बाबा," कविता हळूच म्हणाली, "नखरेल बाई गावली."

नवऱ्याने उरलेले पोहे जवळ ओढले. "पोरगा चांगला हाय," तो म्हणाला. "आमच्या मंडळींना पडू नाय दिलंन."

"आणि विहीणबाईंनी तर कवाच पसंत केलाय," नीलेशची आई म्हणाली. "आमालाच उशिरा कळलं."

लग्न ठरलं. घरी येताच कविताने माझ्या हातातून फोन काढून घेतला. "आई, आता फोटो नको बघू. समोरची मानसं बघत जा."

तेव्हापासून मी माणसंच बघते. मान काही वर होत नाही, पण तिच्या सासरच्या सगळ्या मंडळींच्या चपला मी आता बरोबर ओळखते.