अर्धा पीळ जास्त

दिवेआगरचा रत्नपाल नट आवळायचा तो असा, की सोडवणाऱ्याने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करावा. नट पुरता बसला तरी वर अर्धा पीळ द्यायचाच. गावात मात्र यावरून त्याला कुणी हसत नसे. वादळाच्या वर्षी त्याच्या पडवीचा पत्रा उडाला आणि त्याच्या आईला, धोंडूबाईला लागला. म्हातारी जागीच गेली. त्या पत्र्याचे नट त्यानेच बसवले होते, आणि शेवटचे दोन 'उद्या आवळू' म्हणून ठेवले होते. लोकांनी वादळाला शिव्या घातल्या, त्याने स्वतःला.

तळोज्याच्या एका कारखान्यात तो फिटर होता. तिथे आरसे बसवत, पण तोंड बघायचे नव्हेत. सिंक्रोट्रॉन नावाच्या अवाढव्य यंत्रातले क्ष-किरण साध्या भिंगाला जुमानत नाहीत. म्हणून सिलिकॉनचा हातभर आरसा दोन्ही टोकांना धरून किंचित, डोळ्यांना दिसणारही नाही इतका वाकवायचा. मग त्याला चाटून जाणारे किरण एका टिंबावर गोळा होतात. टोकांचे नट खास पान्याने आवळायचे. पाना 'कट्ट' वाजला की हात थांबलाच पाहिजे, नाहीतर वाकवताना आरसा तडकतो.

"दादा, मागचा आरसा तुमच्या हातून गेला," तिथला इंजिनिअर प्रीतम साहेब म्हणाला होता. "हाही गेला तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही."

"न्हाय जाणार, साहेब."

तीन नट नीट झाले. चौथ्याला पाना 'कट्ट' वाजला, आणि नेमका त्याच वेळी वाऱ्याने शेडचा पत्रा वर धडाडला. रत्नपालचं काळीज चरकलं. हात केव्हा फिरला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

प्रीतमने मोटर लावून आरसा वाकवायला घेतला. चण्याची डाळ दाताखाली फुटावी एवढाच आवाज झाला. आरशावर आडवी रेघ उमटली.

"चौथा कुणी आवळला?"

"मीच."

प्रीतम रागावलासुद्धा नाही. त्याचंच जास्त लागलं.

नोकरी सुटून घरी परतल्यावर चार दिवसांनी जयमाला, त्याची बायको, म्हणाली, "अवो, पडवीचा पत्रा वाजतोय. पावसाच्या आधी बघता का जरा?"

तो शिडीवर चढला. नट बसला. त्याने पाना उचलला, पुन्हा लावला, पुन्हा उचलला. घरचा साधा पाना कुठला वाजतोय! घाम डोळ्यांत उतरला.

"झालं का आवळून?" खालून जयमालाने विचारलं.

"मला कळत न्हाय गं," तो रडत म्हणाला. "तूच सांग, कुठं थांबू."

जयमाला पत्र्याखालून बाजूला झाली.