जपानात वरणभात नको

मंडळी, नाक्यावरच्या आपल्या फळ्यावर सुविचाराच्या जागी आज माझाच अनुभव लिहितो.

बाळकुमची जागा विकल्यापासून माझी आय म्हणतेय, जपान पाहायचं आहे. म्हणून आज आम्ही दोघं नौपाड्यातल्या टूरवाल्यांकडे गेलो. त्यांच्याकडे दोन सहली होत्या. मला पहिली पसंत पडली, कारण तिच्यात देवळं, बागा, गाईड आणि सोबत आपला आचारी होता. पाणी, औषधं, थंडी, सगळं मी दोनदा विचारून घेतलं.

टूरवाले साहेब म्हणाले, "आजी, काळजी नको. तिथंही रोज गरम वरणभात मिळेल."

आय भडकली. "जपानान जाऊन वरणभात खावाचा, त घर काय वाईट हाय? तिकडं म्हावऱ्याचा बाजार दावताव का?"

"मासळीबाजार दुसऱ्या सहलीत आहे. पण पहाटे उठावं लागेल, आणि जेवण तिथलंच."

आय हसायलाच लागली. "आरं दादा, माजा जल्म गेला पहाटं म्हावरा इकन्यान!"

दुसरी सहल पक्की झाली. घरी येताना आय विचारत होती, तिकडच्या कोळणी टोपली डोक्यावर घेतात का.

तुमच्यापैकी कुणी कच्चा मासा खाल्लाय का? आय तयार आहे. प्रश्न माझा आहे.