महिपत ड्रेसर आणि चिमाची जखम

महिपत ड्रेसरच्या हाताला यश होतं, पण तोंडाला कुलूप नव्हतं. रत्नागिरीच्या इस्पितळात त्याने वीस वर्षं जखमा धुतल्या. वाळून चिकटलेली पट्टी तो कधी ओढून काढायचा नाही. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं ती भिजवत बसायचा, आणि तेवढा वेळ पेशंटची हजेरी घ्यायचा. "कोयता चालवताना डोळे काय घरी ठेवून आला होतास रे?" माणसं हसता हसता दुखणं विसरत.

चौतीस साली संगमेश्वराकडची तुळसा आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला, चिमाला, घेऊन आली. चिमाचा उजवा पाय जन्मापासूनच वेगळा. मांडीपासून घोट्यापर्यंत जांभळे डाग, टरारलेल्या शिरा, आणि गुडघ्याखाली वाकडं वाढलेलं हाड. डॉक्टरसाहेबांनी हाड कापून सरळ केलं, पाय फळीला बांधला. हाड बरं बसलं, जखम मात्र मिटेना. असल्या पायात रक्त साचून राहतं, म्हणून तो उशांवर उंच ठेवायचा, असा साहेबांचा हुकूम. तरी रोज सकाळी पट्टी रक्तपाण्यानं चिंब! तीन आठवडे असेच गेले. जखमेत पू धरला तर पाय काढावा लागेल, असं साहेबांनी महिपतला बाजूला घेऊन सांगितलं.

महिपतचा राग निघाला तो पोरीवर, कारण उशा रोज खाली पडलेल्या दिसायच्या. "काय गो भवाने, लाथा मारतेस होय उशांना? उद्या हललीस तर खाटेला बांधून घालीन!" चिमा खाली मान घालून ऐकून घ्यायची.

एका दुपारी कात्री विसरली म्हणून तो परत फिरला. बघतो तर तुळसा लेकीला खाटेच्या कडेला बसवून तिचा पाय फळीसकट खाली सोडत होती.

"अगं बाई, हे काय चालवलंयस!"

तुळसा म्हणाली, "दादानू, समोर खिडकीत भगवतीचा किल्ला हाय. देवीकडं पाय करून पोरीला निजवू कशी? तिच्या कोपानंच ह्यो पाय असला झालाय."

किल्ल्याकडे पाय करून निजायला सांगितलं असतं, तर महिपतसुद्धा निजला नसता. "धर ती बाजू," तो म्हणाला. दोघांनी मिळून खाट उलटी फिरवली. पाय भिंतीकडे गेले, डोकं किल्ल्याकडे आलं. महिपतनं उशा पुन्हा रचल्या. "घे, देवी आता उशाशी. झालं समाधान?"

पाचव्या दिवशी पट्टी जेमतेम ओली निघाली. पंधराव्या दिवशी जखमेवर कोवळी गुलाबी कातडी धरली. साहेब म्हणाले, पाय वाचला. तुळसा तिथेच भुईवर बसून रडली.

ती तोंड धुवायला गेल्यावर महिपतनं चिमाला हळूच विचारलं, "मी रोज तुला एवढं बोलत होतो. आईचं नाव का नाही सांगितलंस?"

"मला बोललात तर काय न्हाय," चिमा म्हणाली. "आयेला बोलला असता तर ती रडली असती."

महिपतला भयंकर लाज वाटली. "माझं चुकलं गो बाय," तो म्हणाला, आणि त्या दिवशी त्यानं कुणाचीच हजेरी घेतली नाही.